पुंजाजीमामांचा गार डबा

वऱ्हाडातल्या एका गावात एक भोळा भाचा होता. त्याचं नाव उकर्डा. नावाला हसू नका. नवसाचं पोर जगावं, त्याला कुणाची दृष्ट लागू नये, म्हणून आमच्याकडे असलीच नावं ठेवतात. तर हा उकर्डा जगला आणि पंचवीस वर्षांचा घोडा झाला. दृष्ट काही लागली नाही. लागण्याजोगं काही नव्हतंच.

पोरगा कामाला मात्र वाघ. सांगितलेलं काम टाळणार नाही. फक्त सांगितलं तेवढंच करणार आणि सांगितलं तसंच करणार. ‘पाहुण्यांना चहाचं विचार’ म्हटलं, तर विचारून यायचा, ‘हो म्हणतात’ एवढं सांगायचा आणि खाली बसायचा.

त्याचे मामा पुंजाजी. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं घालवून घरी बसलेले मेकॅनिक. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बसगाड्या नीट केल्या आणि नाशिकला, शिर्डीला, कुठं कुठं रवाना केल्या. स्वतःच्या बायकोला मात्र एकदाच कुठं नेलं होतं. लग्नानंतर पहिल्या मे महिन्यात, बसमध्ये, इंजिनाशेजारच्या सीटवर. द्वारकामामींना त्या दिवशी असं ऊन लागलं, की घरी आल्यावर त्यांनी दोन दिवस डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी उघडले आणि म्हणाल्या, “आता तुमच्यासंगं उन्हाळ्यात कुठीच नाई.”

मामांच्या मनाला ते लागून राहिलं होतं. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी तीन वर्षं खपून एक डबा तयार केला. जीपच्या मागं जोडायचा, दोन चाकांचा, पत्र्याचा डबा. आत दोन माणसांची गादी, एक खिडकी, एक दार, बॅटरीवरचा पंखा, छतातून वर काढलेला हवेचा नळा. ह्या डब्यात बसवून बायकोला चिखलदऱ्याला न्यायचं. तिथं डोंगर, तिथं गार वारा. सगळं ठरलं, पण मुहूर्त निघाला नवतपाचा. वर्षातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. सत्तेचाळीसचा आकडा. अशा उन्हात पत्र्याच्या डब्यात माणूस बसवणं म्हणजे तव्यावर भाकर टाकणं.

मामींनी गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर अट घातली. “नवव्या दिवशी भर दुपारी बारा वाजता मी डब्यात बसीन. घामाचा एक थेंब आला, तं डबा भंगारवाल्याले, अन मी माह्या घरात. पुन्हा नाव काढाचं नाई.”

मामांनी अट मान्य केली. आणि मदतीला बोलावलं कुणाला? उकर्ड्याला. आता ह्या दोघांत भोळा कोण, ते तुम्हीच ठरवा.

पहिल्या दिवशी मामा अकोल्याला वाळ्याचे पडदे आणायला निघाले. जाताना म्हणाले, “उकर्ड्या, डबा लई तापला. मी येईपर्यंत थंडा करून ठेवजो.”

“हाव मामा.”

मामा संध्याकाळी आले. बघतात तर उकर्डा डब्याला तोंड लावून उभा. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, चेहरा जांभळा.

“अबे, काय करून राह्यला?”

“फुंकून राह्यलो. चहा असाच थंडा करतो ना आपण. ही एक बाजू होत आली, मामा.”

मामांनी कपाळावर हात मारला. “लेका, चहा फुंकतात! डबा नाई फुंकत! एखादी वस्तू उन्हात पडली दिसली, की उचलाची अन सावलीत न्याची. समजलं?”

“हाव मामा. आता समजलं.”

दोघांनी मिळून डबा ढकलत कडुनिंबाखाली नेला. मामांना वाटलं, चला, एक गोष्ट तर शिकला.

दुसऱ्या दिवशी उकर्डा अंगणात आला. डबा सावलीत होता. मग उन्हात काय आहे? तर चार बाजांवर मामींच्या कुरड्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या, ओल्या, पांढऱ्या, नक्षीदार कुरड्या. बिचाऱ्या अशा उन्हात तळमळताना बघून उकर्ड्याचा जीव कळवळला. त्याने एकेक कुरडई उचलली आणि कोठीच्या अंधाऱ्या खोलीत एका टोपलीत रचली. वरून फडकंसुद्धा झाकलं.

दुपारी मामींनी टोपली उघडली. आत एकच कुरडई होती. सात किलोची.

मामी जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगतो. “आता तं मी त्या डब्यात बसतच नाई!”

मामा तासभर त्यांच्या मागं मागं फिरले. चूल पेटवून दिली, पाणी भरून दिलं, ‘तुह्यासाठी तीन वर्षं हातोडा चालवला गं’ म्हणाले. तेव्हा मामींनी नाक मुरडून अट कायम ठेवली. मामांच्या जिवात जीव आला. मग ते भाच्याकडे वळले.

“उकर्ड्या, कुरडईले उन्ह लागते! तू दुसऱ्याच्या वस्तूले हात लावू नको. डब्याच्या छतावर गोणपाट टाक अन ते ओलं ठेव. सुकलं दिसलं, की पाणी मार. सुकलं, की पाणी मार. बास.”

“हाव मामा. आता समजलं.”

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी छतावरचं गोणपाट दिवसभर ओलंचिंब होतं. त्याबद्दल उकर्ड्याला पैकीच्या पैकी मार्क दिले पाहिजेत. पण उरलेल्या वेळात त्याने आजूबाजूला पाहिलं. नवतपा चाललेला. काय सुकलेलं नव्हतं? दोरीवर मामांचा धुतलेला पायजमा सुकला. मारलं पाणी. पुन्हा सुकला, पुन्हा मारलं. मामा बिचारे टॉवेल गुंडाळून पायजम्याची वाट बघत दुपारभर घरात बसले. शेजारच्या चिमोटेबाईंनी वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या वाळत टाकल्या होत्या. हात न लावता, लांबूनच, चार बादल्या. मग गोठ्यामागं गोवऱ्या दिसल्या. चांगल्या कडकडीत वाळलेल्या. संध्याकाळपर्यंत त्या गोवऱ्यांचं पुन्हा शेण झालं.

चिमोटेबाई कमरेला पदर खोचून आल्या. मामा टॉवेलवरच बाहेर आले. काय दृश्य होतं म्हणता! मामांनी टॉवेल एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने माफी मागितली. घरातल्या सगळ्या मिरच्या त्यांना देऊन टाकल्या. मग ओरडले, “पाणी बंद! एकदम बंद! अबे, आत हवा खेळली पाह्यजे, हवा! दारं-खिडक्या सताड उघडून टाक.”

“हाव मामा. आता समजलं.”

‘डब्याची’ असं म्हणायचं मामा विसरले. माणूस टॉवेलवर असला की बोलण्यात नेमकेपणा राहत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मामांना जाग आली ती शेजारच्या किंकाळीने. उकर्ड्याने गल्लीतलं एकेक दार सताड उघडलं होतं. चिमोटेगुरुजींच्या न्हाणीघराचंसुद्धा. गुरुजी आत होते. डोक्याला साबण, अंगावर फक्त जानवं. उकर्ड्याने त्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, “हवा खेळू द्या, गुरुजी.”

बकऱ्यांच्या वाड्याचं दारही उघडलं होतं आणि कोंबड्यांच्या खुराड्याचंही. बकऱ्या थेट डब्यात शिरल्या. मामांनी अकोल्याहून आणलेले वाळ्याचे पडदे त्यांनी अर्धे खाल्ले आणि उरलेल्या अर्ध्यांवर रवंथ करत बसल्या. एका कोंबडीने गादीच्या मधोमध अंडं घातलं.

मामी दारात उभं राहून बघत होत्या. म्हणाल्या, “मले वाटलं, डब्यात आपण दोघंच जाणार.”

मामांना रडूच यायचं बाकी होतं. त्यांनी बकऱ्या हाकलल्या, गादी उन्हात झटकली, पुन्हा अकोल्याला जाऊन नवे पडदे आणले, ओले करून लावले. पुढचे तीन दिवस त्यांनी उकर्ड्याला डब्याच्या आसपास फिरकू दिलं नाही आणि त्या तीन दिवसांत काम झपाट्याने झालं. छताला चुना लागला. खाली गवताचा थर बसला. डबा बाहेरच्या मानाने बरा झाला. पण बरा म्हणजे गार नव्हे. मामा दुपारी स्वतः आत बसून बघायचे आणि बनियन पिळत बाहेर यायचे. एकच उपाय उरला. बर्फाची लादी. घंगाळात लादी ठेवायची आणि वरून पंख्याचा वारा सोडायचा.

आठव्या दिवशी मामांनी बर्फवाल्याला लादी घेऊन बोलावलं. आज ठेवून बघायची, जमलं तर उद्या बारा वाजता तसंच. पण बर्फवाला यायच्या आधी त्यांना जीपचं टायर बघायला जावं लागलं. घरात मामी झोपलेल्या. नाइलाजाने त्यांनी उकर्ड्याला डब्यात बसवलं आणि बकऱ्यांचा तो दिवस आठवून बजावलं, “दार आतून लावून घे. मी येईपर्यंत कुणालेच आत घेऊ नको. देव आला तरी नाई.”

“हाव मामा. आता समजलं.”

बर्फवाला हातगाडी ढकलत आला. त्याने दारावर थाप मारली.

“कोण?”

“बर्फ आणला.”

“मामा नाईत. आत घ्याचं नाई.”

“अरे, बर्फ आहे! वितळते!”

“देव आहे का तू?”

“नाई.”

“देवालेबी घ्याचं नाई, मंग तुले कसा घेऊ?”

बर्फवाल्याने शिव्या दिल्या, लादी दाराशी उतरवली आणि तो गेला. मामा आले तेव्हा गल्लीतून ओढा वाहत होता. चार कुत्री त्यात पोटं टेकून सुखाने पडली होती आणि दाराशी लिंबाएवढा बर्फ उरला होता. मामांनी तो उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

ह्या वेळी ते ओरडले नाहीत. ओरडायची ताकद संपली होती. त्यांनी उकर्ड्याला समोर बसवलं आणि पहिलीच्या पोराला शिकवावं तसं सावकाश सांगितलं. “हे पाह्य, भाच्या. आता नीट ऐक. गार वस्तू आली, की तिले गार ठेवाची एक रीत आहे. ती वस्तू हलवाची नाई. गोणपाटात गुंडाळाची. वरून आरा मशीनवरून आणलेला लाकडाचा भुसा टाकाचा. चांगला पायानं दाबाचा. अन घडीघडी उघडून पाह्याचं नाई. मंग ती दिवसभर गार राहते. सांग, काय सांगतलं?”

उकर्ड्याने सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांना खरोखरच बरं वाटलं.

नववा दिवस उजाडला. मामांनी धोका पत्करला नाही. बर्फ स्वतः आणला, स्वतः घंगाळात ठेवला, पंखा स्वतः लावला. उकर्ड्याला बकऱ्यांजवळ बांधूनच ठेवायचं त्यांच्या मनात होतं, पण बहिणीचा मुलगा, तेवढं बरं दिसलं नसतं.

बारा वाजता गल्लीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन जमल्या. मामी नवं लुगडं नेसून डब्यात शिरल्या. मामांनी दार लावलं आणि बाहेर भट्टीसारख्या उन्हात उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मामांच्या छातीत धडधडत होतं. लग्नासाठी मुलगी बघायला गेले होते तेव्हाही एवढं धडधडलं नव्हतं. पंधरा मिनिटांनी चिमोटेबाईंनी दार किलकिलं करून आत डोकं घातलं. मामींचं कपाळ बघितलं, मान बघितली, बोटाने पुसून बघितलं.

“कोरडी ठणठणीत आहे गं बाई!”

आतून मामींचा आवाज आला, “लई गार आहे वो. असं वाटते, इथंच झोपावं.”

मामांना भरून आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षं मनात रुतलेला काटा निघाल्यासारखं त्यांना वाटलं. “झोप तू,” ते दारातून म्हणाले, “एकदम चिखलदऱ्यालेच उठवतो. पडदे उघडू नको, झळ येईल.”

मामी खरंच आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या. बायका आपापल्या घरी पळाल्या, कारण उन्हाने अंगाची लाही होत होती. गल्ली सामसूम झाली. मामांनी जीप आणून डबा मागं जोडला. जीपच्या मागच्या भागात स्टोव्ह, वळकटी, पाण्याचे कॅन असं छतापर्यंत सामान भरलेलं, मागचं काही दिसायची सोय नव्हती. आता फक्त नारळ फोडायचा राहिला होता. तो आणायला मामा घरात वळले. वळता वळता त्यांनी आनंदाच्या भरात उकर्ड्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“भाच्या, जिंकलो! डबा गार झाला, तुही मामी गार झाली. आता हे असंच गार राह्यलं पाह्यजे. ध्यान ठेवजो.”

“हाव मामा,” उकर्डा म्हणाला. “आता समजलं.”

मामांनी घरात जाऊन देवाला हात जोडले. दोन पेले पन्हं प्याले. खिशात कांदा टाकला. उन्हाची लू लागू नये म्हणून दुपट्टा डोक्यावरून, कानांवरून, नाकावरून असा करकचून बांधला, की फक्त डोळे उरले. पुढच्या दाराने बाहेर येऊन जीपच्या चाकाजवळ नारळ फोडला, आत बसले आणि सुसाट निघाले.

काय ती गाडी पळाली! इतकं ओझं मागं असून जीप वाऱ्यासारखी जात होती. खड्डा आला तरी मागून धक्का नाही, खडखड नाही. मामा स्वतःवर खूश झाले. ‘वा पुंजाजी! काय डबा बनवला! मागं आहे असं वाटत नाही.’ परतवाड्यानंतर घाट लागला. मामांना धास्ती होती, की जुनी जीप एवढा डबा ओढून चढेल का. जीप गाणं म्हणत चढली. मामाही दुपट्ट्याच्या आतून गाणं म्हणत होते. मधूनमधून ओरडून मामींना सांगत होते, “पाह्य, डावीकडे दरी आली! आता माकडं आली!” मामी काही बोलत नव्हत्या. झोपू दे, मामांनी विचार केला. एवढ्या वर्षांची झोप आहे.

पाच वाजता चिखलदरा आला. हवा गार होती. मामांनी एका टपरीसमोर जीप लावली, दोन चहा सांगितले, दुपट्टा सोडला, केसांवरून हात फिरवला आणि जीपच्या मागं जाऊन ऐटीत म्हणाले, “या बाईसाहेब! आला का एक तरी थेंब?”

मागं रस्ता होता. रस्त्यावर एक गाय होती. डबा नव्हता.

मामांना आधी वाटलं, डबा घाटात तुटून दरीत गेला. मग त्यांनी खाली वाकून हूक बघितला. हूक तुटलेला नव्हता. कुणीतरी नीट सोडला होता, आणि पिनचं ग्रीस पुसून ती पुन्हा हुकात अडकवून ठेवली होती. इतक्या नीटपणे काम करणारा माणूस त्यांना एकच माहीत होता. मामींचा फोन घरीच चार्जिंगला लावलेला, म्हणून त्यांनी उकर्ड्याला फोन लावला.

“उकर्ड्या! मामी कुठी आहे?”

“डब्यात.”

“अन डबा कुठी आहे?”

“भुशात.”

“भुशात काऊन बे?”

“तुमीच तं सांगतलं, मामा. गार वस्तू हलवाची नाई. म्हणून जीपपासून सोडला. मंग गोणपाटात गुंडाळला. आरा मशीनवरून सहा बैलगाड्या भुसा आणला. चांगला पायानं दाबला. मी वरतंच उभा आहे.”

मामांनी टपरीचा खांब धरला. “अबे, ती जित्ती आहे का?”

“हाव ना. वरचा नळा तेवढा उघडा राह्यला, भुसा सरला. नळ्यातून आवाज येते. पण मी उघडून नाई पाह्यलं, मामा. तुमीच म्हनलं, घडीघडी उघडून पाह्याचं नाई.”

“काय म्हणून राह्यली ती? लई चिडली का?”

“नाई वो, खूश आहे. आताच उठली. म्हणते, एक थेंब घाम नाई. म्हणते, तुह्या मामानं गाडी काय चालवली, एक धक्का बसला नाई. अन इचारून राह्यली, चिखलदरा आला का?”

चहावाल्याने दोन चहा आणून जीपच्या बॉनेटवर ठेवले. मामांनी एकदा त्या दोन कपांकडे बघितलं.

“मंग तू काय सांगतलं तिले?”

“मी काऊन खोटं बोलू? खरं तेच सांगतलं. म्हनलं, मामी, मामा पुढं गेले. आपण त्यायच्या मागंच आहो.”